लॅटिन जॅझमध्ये तालवादकाची कारकीर्द कशी घडते? तबला शिकणाऱ्याने कोणाला ऐकावं?

तुम्ही विचारलंय की लॅटिन जॅझमध्ये, म्हणजे क्युबासारख्या देशांचे ताल आणि अमेरिकन जॅझ यांच्या मेळात, तालवादक कायम मागे बसणारा साथीदारच राहतो का, आणि तबल्याचा हात कोंगावर, म्हणजे हाताने वाजवायच्या उंच क्युबन ढोलावर, कितपत चालतो. मी दहा नावं देणार नाही. एकाच माणसाबद्दल सांगते, कारण मला वाटतं तो नीट कळला तर या संगीताचा निम्मा इतिहास कळतो: कोंगावादक मोंगो सांतामारिया.

मोंगोचा जन्म १९१७ चा, क्युबाची राजधानी हवाना इथल्या हेसूस मारिया वस्तीतला. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांच्या वंशजांनी तिथे ढोल, गाणी, देवतांची पूजा सगळं जपलं होतं आणि आपल्या पद्धतीने बदललंही होतं. रुंबा, म्हणजे ढोल, गाणं आणि नाच यांचा मेळ, तिथे रस्त्यात, अंगणात रंगायची. ढोल नसेल तर लाकडी खोक्यावर. आईची इच्छा होती पोराने व्हायोलिन शिकावं, पण पोरगा ढोलाकडे वळला आणि शाळाही सोडली. पुढे काही काळ दिवसा टपाल वाटायचं आणि रात्री क्लबात वाजवायचं असा त्याचा क्रम होता. हवानाच्या ट्रॉपिकानासारख्या नामांकित क्लबातही तो वाजवत असे, पण नुसत्या वाजवण्यावर घर चालत नव्हतं.

१९४८ मध्ये तो मेक्सिकोला गेला आणि १९५० मध्ये न्यूयॉर्कला येऊन राहिला. तिथली वाट त्याच्याच गावच्या कोंगावादक चानो पोझोने पाडून ठेवली होती. १९४७ मध्ये जॅझ ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पीच्या बँडमध्ये चानोने कोंगा वाजवला आणि अमेरिकन जॅझवाल्यांचे कान टवकारले. पण १९४८ च्या डिसेंबरमध्ये हार्लेममधल्या एका बारमध्ये चानोचा गोळी घालून खून झाला. लॅटिन जॅझची गोष्ट बहुतेक जण चानोपाशीच थांबवतात. मला ते पटत नाही. चानोने दार उघडलं, पण आत बिऱ्हाड थाटलं ते मोंगोने.

तीसुद्धा एका रात्रीत मिळालेली जागा नव्हे. आधी पेरेझ प्राडोच्या बँडमध्ये, मग १९५१ ते १९५७ टिटो पुएंतेच्या. हा काळ मांबो या क्युबन नाचाच्या संगीताचा. ब्रॉडवेवरच्या पॅलेडियम हॉलमध्ये लोक नाचायला यायचे. लय तसूभर हलली तर समोरचे पाय अडखळणार, आणि ते लगेच दिसणार. मोंगोच्या हातात जो ठामपणा आहे तो मला तरी तिथलाच वाटतो. पुएंतेने १९५६ मध्ये केवळ तालवाद्यं आणि बास घेऊन एक रेकॉर्ड केली, ‘पुएंते इन पर्कशन’. तिच्यात मोंगो, विली बोबो आणि पाटाटो वाल्देस हे तिघेही तालवादक आहेत. हेडफोन लावून ऐका. कोण कोणाला जागा देतोय ते स्पष्ट कळतं.

मग मोंगो आणि विली बोबो कॅलिफोर्नियाला कॅल जेडर या व्हायब्राफोनवादकाकडे (व्हायब्राफोन म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) गेले. इथे श्रोते खुर्चीत बसून ऐकणारे. याच दिवसांत, १९५९ मध्ये, त्याची ‘अफ्रो ब्लू’ ही रचना ध्वनिमुद्रित झाली. तुम्ही तबलावाले असल्यामुळे ती चटकन पकडाल. तिचा पाया दोनात तीन, म्हणजे दोन ठोक्यांच्या वेळात तीन ठोके, हा आहे, म्हणजे आपली दीडपट, आडी लय. फरक एवढाच की आपण बहुधा दीडपटीत जातो आणि समेवर परत येतो. इथे दोन्ही लयी पहिल्यापासून शेवटपर्यंत शेजारी शेजारी चालतात आणि कुठली मुख्य हे कोणी ठरवत नाही. १९६३ मध्ये सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने ती रचना उचलली आणि पार वेगळी, वादळी केली. आज कित्येकांना ती कोल्ट्रेनचीच वाटते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तरी लोकांच्या तोंडी मोंगोचं नाव गेलं ते दुसऱ्याच्या सुरावटीमुळे. १९६२ च्या शेवटी शेवटी त्याच्या बँडचा पियानोवादक चिक कोरिया सोडून गेला होता आणि काही दिवसांसाठी तरुण हर्बी हँकॉक बदली म्हणून आला. हँकॉकने हा प्रसंग अनेकदा सांगितलाय. ब्रॉंक्समधला क्लब, फारशी गर्दी नाही. मध्यंतरात ट्रंपेटवादक डोनाल्ड बर्डने त्याला सांगितलं, तुझं ‘वॉटरमेलन मॅन’ मोंगोला ऐकव. हँकॉकने सुरुवात केली. मोंगो उठून कोंगावर बसला. बाकीचे एकेक करून सामील झाले आणि टेबलांवरची माणसं उठून नाचायला लागली. मोंगोने केलेली ती रेकॉर्ड १९६३ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत दहाव्या क्रमांकापर्यंत गेली. बँडचा मालक कोंगावादक, आणि गाणं देशभर रेडिओवर! तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच.

नंतरच्या काळात त्याने सोल, पॉप अशा चालू गाण्यांच्या बऱ्याच रेकॉर्ड केल्या. त्यातल्या काही मला पातळ वाटतात. पण त्याच बँडमधून ह्युबर्ट लॉजसारखा बासरीवादक पुढे आला, गायिका ला लूपेबरोबर त्याने रेकॉर्ड केली, आणि १९७८ मध्ये ‘अमानेसेर’ या अल्बमसाठी त्याला ग्रॅमी मिळालं. २००३ च्या फेब्रुवारीत मायामीत, ८५ व्या वर्षी तो गेला.

आता तुमच्या हाताबद्दल. तबल्यामुळे लयीचं अंग तयार असेल, पण बोटांची सवय आड येईल. कोंगावर तळवा, मनगटाकडचा भाग आणि बोटं मिळून वाजतात, आणि कडक ‘स्लॅप’ (चापट मारल्यासारखा ठोका) बसायला वेळ लागतो. त्याहून अवघड आहे क्लावे, म्हणजे या संगीताचा पायाभूत पाच ठोक्यांचा ठेका. तीनतालाच्या १६ मात्रा मोजा आणि १, ४, ७, ११, १३ या मात्रांवर टाळ्या द्या. आपल्या टाळ्या १, ५, १३ वर, आणि ‘खाली’ (टाळी न देण्याची जागा) ९ वर. म्हणजे जुळतं फक्त १ आणि १३ ला. या पाच ठोक्यांना धरून बासपासून पियानोपर्यंत सगळे वाजवतात, आणि पुढचा-मागचा अर्धा भाग चुकून उलटा झाला तर जाणकार लगेच तोंड वाकडं करतात. कोंगाचा नेहमीचा ठेका, तुंबाओ, आठ मात्रांचा धरला तर स्लॅप तिसरीवर आणि खुले ठोके सातवी-आठवीवर. वजन समेवर नाही, समेच्या तोंडाशी. समेवर जोरकस ‘धा’ द्यायची ओढ सुरुवातीला आवरावीच लागते.

म्हणून आधी वाद्य विकत घेऊ नका. १९५८ ची ‘याम्बू’ आणि १९५९ ची ‘मोंगो’ या दोन रेकॉर्ड लावा, हाताने क्लावे द्या आणि तोंडाने तुंबाओ म्हणा. हे न तुटता चाललं की मग ढोलाला हात लावा.