हर्णैला हॉट टबवाली कॉटेज घेताय?

पहिल्यांदाच जाताय, तर फोटोंवर भाळू नका. बुकिंगआधी फोन करून एवढं विचाराच:

- टबात खरंच गरम पाणी येतं का? जकूझीच्या नावाखाली नुसता मोठा गार टब निघतो.
- पाणी कधी बदललं? कडा बुळबुळीत लागल्या तर उतरूच नका.
- वीज गेल्यावर हीटर चालतो का? साध्या इन्व्हर्टरवर दिवे-पंखेच.

पाणी 40 अंशांच्या वर नको, 15 मिनिटं पुरे. बीपीवाल्यांनी, गरोदर बाईने आधी डॉक्टरांना विचारावं. पिऊन तर कुणीच नाही!

आणि पुण्याहून जाणार असाल तर शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर चांदणी चौकात अडकून रात्री ताम्हिणी घाट उतरायची हौस कशाला? शनिवारी पहाटे निघा. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव बघा, समोर सुवर्णदुर्ग आहेच. टबात जेवणाआधी बसा.