‘ओल्डेस्ट’च्या मागावर निघण्यापूर्वी

जॉनी वॉकर या स्कॉच व्हिस्कीची ‘ओल्डेस्ट’ नावाची बाटली खरोखर होती का आणि ती विकत घ्यावी का, असे आपण विचारले आहे; ती दंतकथा नव्हे. 1992 साली जॉनी वॉकरच्याच ब्लू लेबल या व्हिस्कीला ते नाव मिळण्यापूर्वी, 1980च्या दशकाच्या अखेरीस, तिचे पूर्वरूप ‘ओल्डेस्ट’ या नावाने विकले जात असे. पैसे मोजण्यापूर्वी मात्र विक्रेत्याची कहाणी बाजूला ठेवून लेबल नीट वाचावे. युरोपात बऱ्याच ठिकाणी 1990च्या सुमारास 75 सेंटिलिटरची जागा 70 सेंटिलिटरच्या बाटलीने घेतली, त्यामुळे 70 हा आकडा छापलेली व्हिस्कीची कोणतीही बाटली कोणी 1970च्या दशकातील म्हणून पुढे करू लागला, तर सावध व्हावे. उलटपक्षी, केवळ 75 या आकड्यावर विसंबू नये, कारण अमेरिकेसाठी आणि भारतासाठी 750 मिलिलिटरच्या बाटल्या नंतरही भरल्या जात राहिल्या. रिकाम्या बाटल्यांनाही बरी किंमत येते (त्यात बनावट दारू भरून विकण्यासाठी, हे सांगायला नकोच), म्हणून सील, बूच आणि द्रवाची पातळी यांची जवळून घेतलेली छायाचित्रे मागावीत. पातळी बाटलीच्या खांद्याखाली (मान संपून बाटली रुंद होते त्या भागाखाली) उतरली असेल, तर मी तरी ती बाटली पिण्यासाठी घेणार नाही. परदेशातून भारतात येताना प्रवाशाला 2 लिटरपर्यंतच मद्य शुल्काविना आणता येते.