हूडू आणि पेगन परंपरा : नव्याने अभ्यास करू इच्छिणाऱ्यासाठी

तुम्ही लिहिले आहे की, विक्का या आधुनिक पंथाविषयी वाचन करताना हूडू या आफ्रिकी-अमेरिकी लोकविद्येची माहिती मिळाली, तिच्यातील मुळ्या, मेणबत्त्या आणि तेले पाहून ती पेगन, म्हणजे ख्रिस्तपूर्व देवदेवतांना मानणाऱ्या, परंपरेचीच एक शाखा वाटली आणि आता दोन्हींची सांगड घालून घरीच सुरुवात करण्याचा विचार आहे. तुमची जिज्ञासा मनापासूनची दिसते, म्हणून आधीच स्पष्ट सांगते की हूडू ही पेगन परंपरा नाही. ती तशी का नाही, हे नीट समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे माझे आग्रहाचे मत आहे.

विक्का हा पंथ विसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये आकाराला आला. तेथील जादूटोणाविरोधी कायदा 1951 मध्ये रद्द झाला आणि 1954 मध्ये जेराल्ड गार्डनर यांनी या पंथाविषयीचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. ख्रिस्तपूर्व युरोपातील देवदेवतांकडे परत जाण्याची ओढ ही त्यामागची प्रेरणा होती. हूडूचा जन्म मात्र अमेरिकेच्या दक्षिणेकडील मळ्यांवर, गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांच्या वस्त्यांमध्ये झाला. काँगो खोऱ्यातील आणि पश्चिम आफ्रिकेतील श्रद्धा, अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचे वनस्पतिज्ञान आणि युरोपीय वसाहतवाल्यांकडील तोडगे यांतून ती घडली असली, तरी तिचा कणा आफ्रिकीच राहिला.

हैती आणि क्यूबामध्ये कॅथलिक संतांच्या आडोशाने आफ्रिकी देवता टिकल्या, त्यामुळे हैतीमध्ये व्होडू हा पुजारी, दीक्षा आणि देवता असलेला धर्म उभा राहिला. न्यू ऑर्लिन्सचा कॅथलिक मुलूख वगळला, तर अमेरिकेच्या दक्षिणेत बहुतेक ठिकाणी प्रोटेस्टंट मालक होते. तेथे संतांचा आडोसा नव्हता आणि 1739 च्या स्टोनो येथील गुलामांच्या बंडानंतर साउथ कॅरोलायनाने 1740 च्या कायद्याने गुलामांना ढोल बाळगण्यासही मनाई केली. अशा परिस्थितीत देवतांची नावे आणि सामूहिक पूजा हळूहळू मागे पडली; पूर्वजांविषयीचा आदर, मुळ्या, कबरीवरची माती आणि चौरस्त्यावरचे विधी मात्र टिकून राहिले. पुढे हीच माणसे बाप्टिस्ट आणि मेथडिस्ट झाली आणि बायबलमधील स्तोत्रे त्यांचे मंत्र बनली. संरक्षणासाठी एक्क्याण्णवावे स्तोत्र म्हणणारी व्यक्ती रविवारी चर्चमध्येही जात असे आणि तिला त्यात कोणतीही विसंगती वाटत नसे. आपल्याकडची आजी मीठ-मोहरीने नातवाची दृष्ट काढते आणि संध्याकाळी हरिपाठही म्हणते, पण दृष्ट काढणे हा आपला धर्म आहे असे ती कधी सांगत नाही. हूडूचे स्थानही साधारण तसेच आहे. म्हणूनच तिच्या वारसदारांपैकी अनेकांना स्वतःला पेगन म्हणवून घेणे मुळीच पटत नाही.

या विद्येतील वस्तूंकडेही याच दृष्टीने पाहावे. मोजो म्हणजे सहसा लाल फ्लॅनेलची लहानशी पिशवी. तिच्यात मुळी, लोहचुंबकाचा तुकडा, एखादे नाणे अशा गोष्टी कामानुसार घालून ती बांधतात, तिला व्हिस्की किंवा तेलाचे थेंब ‘खाऊ’ घालतात आणि ती कपड्यांच्या आत, परक्याचा हात लागणार नाही अशा जागी बाळगतात. ती सजीव मानली जाते आणि या समजुतीचे मूळ अभ्यासकांना काँगोमधील ‘न्किसी’मध्ये, म्हणजे आत्मशक्तीचा वास असलेल्या वस्तूंमध्ये, दिसते. गुलामगिरीतून निसटून पुढे गुलामगिरीविरोधी नेते झालेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी 1845 च्या आत्मचरित्रात लिहिले आहे की, कोव्ही नावाच्या क्रूर माणसाच्या ताब्यात असताना सँडी जेंकिन्स या सहकाऱ्याने त्यांना एक मुळी नेहमी उजव्या बाजूला बाळगण्यास सांगितले, म्हणजे कोणताही गोरा माणूस त्यांना चाबूक मारू शकणार नाही. डग्लस यांचा त्यावर फारसा विश्वास नव्हता. तरी त्यांनी ती घेतली, कोव्हीशी झुंज दिली आणि त्यानंतर कोव्हीने त्यांच्यावर हात टाकला नाही. मुळीचा गुण किती आणि धैर्य किती, याचा निवाडा मी करणार नाही. परंतु ही विद्या कोणत्या गरजेतून जन्मली, हे या प्रसंगाइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

यामुळेच विक्कातील ‘केलेले तिपटीने परत येते’ हा नियम हूडूला लावू नये. ज्यांच्यासाठी न्यायालयाचे दार बंद होते, त्यांनी अत्याचाऱ्याला आवर घालण्यासाठी केलेला प्रयोग त्यांच्या दृष्टीने न्यायच होता, आणि तो त्यांनी बहुधा देवाच्या साक्षीनेच केला.

बाजारात मिळणाऱ्या साहित्याबाबत मात्र सावध राहावे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिकागो, मेम्फिससारख्या शहरांतून टपालाने तेले, चूर्णे आणि पुस्तके विकली जाऊ लागली आणि जुन्या जाणकारांची जागा हळूहळू दुकानांनी घेतली. शिकागोतील डी लॉरेन्स यांनी तर ‘हिंदू जादू’च्या नावाने पुस्तके खपवली, त्यामुळे एखाद्या यादीत आपल्या ओळखीचे नाव दिसले तरी त्यावरून प्राचीन नाते जोडू नये. प्रकृतीला धोका आहे तो वेगळाच. ‘जॉन द कॉन्करर’ ही मुळी जालप कुळातील असून तीव्र रेचक आहे, ती पोटात घेऊ नये. आणि जुगारातील नशिबासाठी जायफळ पोखरून त्यात पारा भरण्याचा जुना प्रयोग तर घरात कदापि करू नये, कारण पाऱ्याची वाफ विषारी असते.

वाचनाची सुरुवात झोरा नील हर्स्टन यांच्यापासून करावी. त्या स्वतः याच समाजातील, फ्लोरिडात वाढलेल्या आणि मानववंशशास्त्र शिकलेल्या होत्या. 1935 च्या त्यांच्या पुस्तकात न्यू ऑर्लिन्समधील जाणकारांकडे घेतलेल्या दीक्षांचे वर्णन आहे. त्यानंतर लोकपरंपरांचे संग्राहक हॅरी हायट यांनी मुख्यतः 1936 ते 1940 या काळात सुमारे 1,600 लोकांकडून जमवलेल्या मुलाखतींचे पाच खंड चाळावेत. ते सलग वाचण्यासारखे नाहीत, परंतु एकाच तोडग्याचे गावोगावचे पाठभेद त्यात शेजारी-शेजारी सापडतात.

प्रत्यक्ष आचरणाबद्दल माझे मत असे आहे की, ज्यांचे पूर्वज त्या मळ्यांवर राबले नाहीत, त्यांनी ही विद्या आदराने अभ्यासावी, पण स्वतःला तिचे जाणकार म्हणवू नये आणि तिच्या नावाने पैसे तर मुळीच घेऊ नयेत. या समाजातील कोणी वडीलधारी व्यक्ती स्वतःहून शिकवायला तयार झाली, तर गोष्ट वेगळी. तेव्हा तिच्या शब्दाबाहेर जाऊ नये. तोवर तुमची विक्काची साधना तिच्या जागी सुरू ठेवावी आणि हूडूतील एखादा विधी उचलून त्यातील स्तोत्राच्या जागी एखाद्या देवीचे नाव घालण्याचा मोह टाळावा.