तुमचे प्रश्न: कोलकात्याचे घड्याळजी डेव्हिड हेअर

प्रश्न: ऑफिसच्या कामाने कोलकात्याला गेलो होतो, संध्याकाळी कॉलेज स्ट्रीटवर पुस्तकं बघत बघत कॉलेज स्क्वेअरच्या तळ्यापाशी पोचलो. तिथे एका साहेबाची समाधी आहे, डेव्हिड हेअर. बरोबरचे बंगाली मित्र म्हणाले, घड्याळजी होता. घड्याळजीची समाधी, ती पण भर शहरात, दफनभूमी सोडून? काय भानगड आहे ही?

उत्तर: मित्र बरोबर सांगत होते, घड्याळजीच. स्कॉटिश माणूस, जन्म 1775 चा. 1800 साली कोलकात्यात आला तो नशीब काढायला, तेव्हा पंचविशीचा होता. घड्याळं बनवायची, विकायची, दुरुस्त करायची आणि चार पैसे जमले की मायदेशी परत जायचं, तेव्हाचे बहुतेक साहेब हेच करायचे. हेअर काही परत गेले नाहीत. दुकानात येणाऱ्या बंगाली गिऱ्हाइकांशी ओळखी झाल्या, घरी जाणं-येणं सुरू झालं, सणासमारंभाला बोलावणी यायला लागली, आणि हळूहळू त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली की इथल्या पोरांना चांगल्या शाळा पाहिजेत, इंग्रजी पण आणि बंगाली पण. 1820 च्या सुमाराला त्यांनी चालतं दुकान ग्रे नावाच्या दुसऱ्या घड्याळजीला देऊन टाकलं आणि उरलेली बावीस वर्षं फक्त शाळा, पोरं आणि लोकांची कामं.

आता समाधीचं. 1842 च्या मे अखेरीस त्यांना कॉलरा झाला आणि 1 जूनला गेले. चर्चला ते कधी जवळचे वाटलेच नव्हते, शाळेत ख्रिस्ती धर्माचा प्रचार नको ही त्यांची भूमिका सगळ्यांना माहीत होती, त्यामुळे नास्तिक ठरवून ख्रिस्ती दफनभूमीत जागा नाकारली. मग त्यांना हिंदू कॉलेजसमोर पुरलं, जी जमीन त्यांनीच शिक्षणासाठी दिली होती तिच्यात. त्या दिवशी धो धो पाऊस होता आणि तरी हजारो लोक मागून चालत होते, बहुतेक सगळे हिंदू, त्यांत त्यांच्याच शाळांतून शिकून मोठी झालेली कितीतरी मुलं. हे वाचलं की मला अजून भरून येतं.

प्रश्न: आम्ही शाळेत शिकलो की हिंदू कॉलेज राजा राममोहन रॉय यांनी काढलं. मग हेअरचं नाव का घेतात? नक्की कोणाचं?

उत्तर: एका माणसाचं नाहीच ते. कल्पना मुख्यतः हेअर यांची, राममोहन यांच्याशी त्यांचं यावर खूप बोलणं झालेलं. मग विषय गेला कोलकात्यातल्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश एडवर्ड हाइड ईस्ट यांच्याकडे, त्यांनी मे 1816 मध्ये आपल्या घरी शहरातल्या प्रतिष्ठित हिंदूंची सभा घेतली. अडचण अशी झाली की जुन्या वळणाच्या मंडळींना राममोहन चालत नव्हते, मूर्तिपूजेविरुद्ध लिहिणारा माणूस कमिटीत असेल तर आम्ही पैसे देणार नाही म्हणाले. राममोहन स्वतःहून बाजूला झाले, कॉलेज होऊ दे, माझं नाव नसलं तरी चालेल. 20 जानेवारी 1817 ला गरानहाटा भागात भाड्याच्या घरात वर्ग सुरू झाले, विद्यार्थी फक्त वीस. हेच पुढे प्रेसिडेन्सी कॉलेज झालं. त्याच वर्षी स्कूल बुक सोसायटी निघाली, कारण शाळा काढून उपयोग काय, पुस्तकंच नव्हती, आणि 1818 मध्ये शाळा काढणारी, चालवणारी स्कूल सोसायटी, तिच्या कामाचा बराच भार हेअर यांच्या खांद्यावर होता.

माझं मत विचाराल तर श्रेय कोणाचं हा वाद हेअर यांना स्वतःला फार महत्त्वाचा वाटला नसता, सभेत भाषणं करणारा माणूसच नव्हता तो.

प्रश्न: जमीन दिली, देणगी दिली, हे श्रीमंत लोक करतातच की. एवढं वेगळं काय केलं?

उत्तर: तुमचा प्रश्न मला आवडला कारण मुद्दा इथेच आहे. पैसे तर त्यांनी दिलेच, पण ते रोज हजर असायचे. रोज पालखीतून शाळांची फेरी, कोण आलं नाही, का आलं नाही, आजारी असेल तर पालखीत औषधं घेऊन थेट त्याच्या घरी, आणि घर म्हणजे गल्लीबोळातलं, जिथे इतर साहेब पाऊल ठेवायचे नाहीत. शाळेच्या दारात टॉवेल घेऊन उभे राहायचे आणि मळक्या पोरांची तोंडं स्वतः पुसायचे. फुकट जागा मोजक्या, मागणारे खूप, म्हणून गरीब पोरं त्यांच्या पालखीमागे पळायची, मोडक्या इंग्रजीत विनवण्या करत. त्यातलाच एक रामतनु लाहिरी, पुढे बंगालमधला मोठा शिक्षक झाला, तो लहानपणी असाच कितीतरी दिवस पालखीमागे धावला होता, आणि हेअर विचारायचे, काही खाल्लंस का, आणि मिठाईच्या दुकानातून खाऊ द्यायला लावायचे. शेवटी घेतलं त्याला शाळेत.

1835 मध्ये मेडिकल कॉलेज सुरू झालं तेव्हा पण तसंच. प्रेताला हात लावायचा म्हणजे जात गेली, मुलं येणार कुठून? हेअर यांनी आपलं वजन वापरलं, त्यांच्या ओळखीतली, त्यांच्या शाळांतली मुलं तिकडे वळवली. 1836 मध्ये मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केलं आणि ती भीती मोडायला लागली. हेअर पुढे त्या कॉलेजचे सेक्रेटरी होते.

आणि फक्त शिक्षण नाही हो. उसाच्या मळ्यांवर मॉरिशसला मजूर पाठवायचा धंदा तेव्हा जोरात होता, खेड्यातल्या माणसांना फसवून आणायचं आणि जहाज सुटेपर्यंत कोंडून ठेवायचं. हेअर यांनी अशा कोंडलेल्या मजुरांना पोलिस नेऊन सोडवलं, 1838 मध्ये नेमलेल्या चौकशी कमिटीपुढे साक्ष पण दिली. 1839 मध्ये सरकारने मजूर पाठवणं बंद केलं. वाईट याचं वाटतं की 1842 मध्येच मॉरिशससाठी ते पुन्हा सुरू झालं.

प्रश्न: शेवटी पैसा उरला का काही? लग्न, मुलंबाळं?

उत्तर: नाही, लग्न केलं नाही. घड्याळांच्या धंद्यातून आलेला पैसा, घेतलेल्या जमिनी, सगळं संपत गेलं, वर कर्ज झालं. 1840 मध्ये सरकारने त्यांना छोट्या दाव्यांच्या कोर्टात, कोर्ट ऑफ रिक्वेस्ट्समध्ये, कमिशनर नेमलं, त्या पगारावर शेवटची दोन वर्षं गेली. ते राहायचे ग्रे यांच्याकडेच, ज्यांना दुकान दिलं होतं त्यांच्याकडे. तब्येत बिघडल्या रात्री त्यांनी नोकराला सांगितलं, ग्रेसाहेबांना जाऊन सांग माझ्यासाठी शवपेटी मागवा.

घरचे लोक लंडनला होते. राममोहन रॉय 1831 मध्ये इंग्लंडला गेले तेव्हा ते हेअर यांच्या भावांच्याच घरी, बेडफर्ड स्क्वेअरला राहिले, आणि 1833 मध्ये ब्रिस्टलला शेवटच्या आजारात त्यांच्या उशाशी हेअर घराण्यातलीच एक मुलगी शुश्रूषेला होती.