सॉफ्टवेअर सल्ला : जुना कोड मोडावा का?

प्रश्न : आमच्या घाऊक दुकानाचं बिलिंग सॉफ्टवेअर 14 वर्षांचं आहे. लिहिणारे केव्हाच सोडून गेले. एकीकडे हात लावला की दुसरीकडे बिघडतं. सगळं नव्यानं लिहून काढावं का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : शक्यतो नको. त्यातल्या विचित्र वाटणाऱ्या 'इफ' अटी बहुधा कुणाच्या तरी तक्रारीपायी घातलेल्या असतात. नव्यानं लिहिलंत की त्या तक्रारी एकेक करून परत येतात. नेटस्केप या ब्राउझरची चौथी आवृत्ती आली 1997 मध्ये. मग नव्यानं लिहायला घेतलं, पाचवी आलीच नाही आणि सहावी यायला 2000 चा नोव्हेंबर उजाडला. तोवर बाजार इंटरनेट एक्सप्लोररनं नेला होता.

आधी आजचं वागणं पकडून ठेवा. खरी दोनेकशे बिलं घ्या. परत आलेला माल, सवलत, शून्य रकमेचं बिल हे त्यात हवंच. ग्राहकांची नावं, मोबाइल नंबर बदलून टाका. प्रोग्राम आज जे उत्तर देतो ते जसंच्या तसं साठवा, चुकीचं असलं तरी. कोडला हात लावला की तीच बिलं पुन्हा चालवून ताडून पाहा. कोडची मांडणी बदलणं आणि हिशोब बदलणं एकाच कमिटमध्ये, म्हणजे एका वेळी नोंदवलेल्या बदलात, कालवू नका. बिघाड कशानं झाला ते मग कळत नाही. कमिट लहान असले तर गिट या कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनाची 'गिट बायसेक्ट' ही कमांड हजार कमिटमधला दोषी कमिट साधारण दहा तपासण्यांत काढून देते.

डेटाबेसमधल्या कॉलमचं नाव एका झटक्यात बदलू नका. नवा कॉलम जोडा, दोन्हीकडे लिहा, जुनी माहिती भरून घ्या, मग वाचन नव्यावर न्या. जुना कॉलम पुढच्या रिलीजला, म्हणजे पुढची आवृत्ती देताना, काढा. कंटाळवाणं काम आहे, पण मध्येच माघार घ्यावी लागली तर डेटा शाबूत राहतो. आणि 31 मार्चच्या आसपास रिलीज नकोच!

प्रश्न : बिलावरचा कर आणि रिपोर्टमधला कर यांत कधीकधी एका पैशाचा फरक येतो. बग सापडत नाही.

उत्तर : रक्कम 'फ्लोट'मध्ये, म्हणजे अपूर्णांक बायनरीत साठवणाऱ्या प्रकारात, ठेवली आहे का, ते आधी पाहा. बायनरीत (0 आणि 1 या दोनच अंकांच्या पद्धतीत) 0.1 नेमका बसत नाही, 0.1 + 0.2 चं उत्तर 0.30000000000000004 येतं. रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवा किंवा डेसिमल हा दशांश नेमका साठवणारा प्रकार वापरा.

तरीही फरक राहिला तर राउंडिंग तपासा. 10.03 रुपयांच्या तीन ओळी, कर 18 टक्के. ओळीगणिक राउंड केलं तर 1.81 त्रिक 5.43, एकूण 30.09 वर कर काढला तर 5.42. इथे कोड चुकलेला नाही, नियमच ठरलेला नाही. तो अकाउंटंटकडून लेखी घ्या आणि एकाच फंक्शनमध्ये ठेवा. स्क्रीन, छापील बिल, रिपोर्ट, सगळ्यांनी तेच वापरायचं.