मोठ्या कंपनीत आल्यावर वापरून घेतल्यासारखं वाटतंय, काय करू?

तुम्ही लिहिलंय की लहान कंपनीतली बरी चाललेली नोकरी सोडून मोठ्या नावाच्या कंपनीत आलात आणि मुलाखतीत ठरलेलं काम बाजूलाच राहिलं. इतरांना नको असलेली कामं तुमच्याकडे येतात, श्रेय दुसऱ्याला जातं. ‘खरंच वापरून घेतायत की मीच हळवा झालोय?’ असं तुम्ही विचारलंय.

तुम्ही हळवे नाही. पण तुमच्या त्रासात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्यात. त्या सुट्या केल्याशिवाय राजीनामा लिहू नका.

एक गोष्ट आकाराची. लहान ठिकाणी आपणच ग्राहकाशी बोलतो, आपणच काम करतो आणि अडलं तर थेट मालकाला विचारून येतो. मोठ्या ठिकाणी त्याच कामाचे तुकडे झालेले असतात, त्यातला एक आपला. मी असा बदल केला तेव्हा मला सर्वांत जास्त लागलं ते हे, की माझ्या शब्दाला वजन आहे हे तिथे कुणाला ठाऊकच नव्हतं. हार्वर्डचे प्राध्यापक बोरिस ग्रॉइसबर्ग यांनी १९८८ ते १९९६ या काळातल्या अमेरिकेतल्या हजाराहून जास्त नामवंत शेअर विश्लेषकांचा अभ्यास केला होता. कंपनी बदलल्यावर त्यांच्यातल्या अनेकांची कामगिरी घसरली, पण जे आपली टीम सोबत घेऊन गेले त्यांना तेवढा फटका बसला नाही. कौशल्य तेच होतं, भोवतालची माणसं मागे राहिली होती. म्हणून सध्या आपण कमी पडतोय असं वाटत असेल, तर त्यावरून स्वतःची लायकी ठरवू नका.

दुसरी गोष्ट दिलेला शब्द न पाळण्याची, आणि ती सोडून देण्यासारखी नाही. डेनिस रूसो या संशोधिकेने १९८९ मध्ये ‘मानसशास्त्रीय करार’ ही कल्पना सविस्तर मांडली. कागदावर नसलेलं, पण आपण मनात पक्कं धरलेलं देणंघेणं. ते मोडलं की नुसती निराशा येत नाही, विश्वासघात झाल्यासारखं वाटतं. मोठ्या कंपनीत अडचण अशी, की शब्द देतो भरती करणारा, मुलाखत घेतो एक साहेब आणि काम देतो तिसराच. त्या तिसऱ्याला तुम्हाला काय सांगून आणलंय याचा पत्ताच नसतो. कुणी मुद्दाम खोटं बोललेलं नसेलही. तरी शब्द कंपनीच्या नावाने दिला गेला होता, त्यामुळे विचारायचा हक्क तुम्हाला आहेच.

विचारण्याआधी ऑफर लेटर, पदाचं वर्णन आणि तेव्हाचे ईमेल एकत्र करा. काही आठवडे कुठल्या कामात किती वेळ गेला ते लिहून ठेवा. मग साहेबांना ‘मला राबवून घेताय’ असं म्हणू नका, त्याने समोरचा बचावाला उभा राहतो. सरळ सांगा: ‘या कामासाठी मला घेतलं होतं, माझा बहुतेक वेळ या दुसऱ्या कामात जातो. ठरलेलं काम कधीपासून मिळेल?’ बोलणं झाल्यावर त्याच दिवशी ईमेल करून त्यातले मुद्दे नोंदवा. उत्तरात तारीख किंवा ठोस बदल असेल तर थोडं थांबा. नुसतं ‘बघू’ आलं आणि पुढच्या वेळीही तेच आलं, तर तुमची शंका खरी आहे. माझ्या बाबतीत कामाचं सुटलं, श्रेयाचं सुटलं नाही, म्हणून मी त्याच कंपनीत दुसऱ्या विभागात बदली मागून घेतली. बाहेर पडण्याआधी हाही रस्ता बघा.

जुन्या ठिकाणी परत जाण्यात कमीपणा नाही. फक्त ती नोकरी ज्या कारणाने सोडलीत ते कारण अजून तिथेच आहे का, हे तिथल्या एखाद्या सहकाऱ्याला विचारून घ्या.

प्रोबेशन चालू आहे की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. चालू असेल तर हे बोलणं ते संपायच्या आत करा, कारण त्या काळात नोटिस पीरियड बहुधा कमी असतो. जॉइनिंग बोनस घेतला असेल, तर तो किती महिन्यांच्या आत सोडल्यास परत करावा लागतो ते कलम आधी वाचा.