माथेरानला 9 वर्षांच्या मुलीला घोड्यावर बसवणं सेफ आहे का? घोडा निवडताना काय बघायचं?

बसवा की, अजिबात हरकत नाही. फक्त दस्तुरी नाक्यावर गाडी लावली की चार-पाच जण घोडे घेऊन भोवती जमतात, तेव्हा आधी रेट विचारू नका, आधी घोडा बघा. मी पुण्यात रेग्युलर रायडिंग करते आणि माथेरानला वरचेवर जाणं होतं, आणि माझं ठाम मत आहे की ज्या घोड्याची निगा नीट नसते तोच माणसाला पाडतो. पाठ सोलवटलेली असेल तर खोगिराखाली ठणका लागला की तो उसळणारच, नाल सैल असेल तर अडखळणारच, त्यात त्या मुक्या जिवाचा काय दोष.

घोडेवाल्याला म्हणा, दादा, जरा दहा-पंधरा पावलं चालवून दाखवा. समोरून येताना पावलागणिक मान वर झटकत असेल तर पुढचा पाय दुखतोय समजा, दुखरा पाय टेकला की घोडा डोकं वर उचलतो. तो नको. मग खोगिराच्या कडेला आणि तंगाजवळ, म्हणजे पोटाखालून खोगीर आवळणाऱ्या पट्ट्याजवळ बघा, केस गेलेत, ओली जखम आहे, माशा बसतायत, तर तोही नको. चांगले घोडेवाले हे सगळं बघू देतात, उलट खूश होतात. चंदी म्हणजे खुराक, खरारा म्हणजे अंग घासणं, नाल ठोकणाऱ्या नालबंदाचे पैसे, सगळं तेच करतात, घर त्या जनावरावर चालतं, त्यामुळे सरसकट सगळ्यांना नावं ठेवू नका प्लीज.

आता तंग. हे सगळ्यात महत्त्वाचं. बरेच घोडे तंग आवळताना पोट फुगवून धरतात आणि चालायला लागले की सोडतात, मग पट्टा ढिला होतो आणि वळणावर खोगीर मुलीसकट एका बाजूला फिरतं. म्हणून थोडं चालल्यावर थांबवून परत आवळायला सांगा, पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जायला हवीत, पंजा जात असेल तर सैल आहे.

लहान मुलांच्या बाबतीत अजून एक घोळ होतो. पाय रिकिबीपर्यंत, म्हणजे पाय ठेवायच्या कड्यापर्यंत पोचत नाहीत, मग रिकिबीच्या वरच्या चामड्याच्या पट्ट्यात पाय अडकवून देतात. हे अजिबात चालवून घेऊ नका!! पडली तर पाय तिथेच अडकतो आणि घोडा फरफटत नेतो. पट्टा आखूड करून घ्या. माप सोपं आहे, मुलीची बोटं पट्ट्याच्या वरच्या टोकाला टेकवायची, रिकीब तिच्या काखेपर्यंत यायला हवी. रिकिबीत फक्त चवडा, टाच खाली, पायात बूट, सँडल नको. हेल्मेट मागा, नसेल तर घरून सायकलचं न्या, रायडिंगचं नसलं तरी काहीच नसण्यापेक्षा बरं.

"पळवू का?" असं विचारतील, सरळ नाही म्हणा. दोर घोडेवाल्याच्याच हातात आणि तो शेजारी चालत हवा, मागून शीळ घालत येणारा नको. परत येताना जास्त सांभाळा, दाणापाणी आठवलं की घोडे आपसूक वेग घेतात. त्यात माकडं आहेत, उडणाऱ्या पिशव्या आहेत, घोडा कशालाही बिचकू शकतो. तुम्ही बाजूने चालत असाल तर बरोबर मागे राहू नका, तिथलं त्याला दिसत नाही आणि दचकून लाथ बसू शकते.

वजनाचं पण सांगते, कारण बरेच बाबा मुलीला पुढ्यात घेऊन स्वतःही बसतात. घोड्याच्या वजनाच्या साधारण 20 टक्के, तेही खोगीर धरून, एवढाच भार घालावा असं मानतात. म्हणजे 300 किलोच्या घोड्यावर 60 किलो. बाबांनी सरळ चालावं, बाजारापर्यंत अडीच-तीन किलोमीटरच तर आहे.

जाताय कधी ते लिहिलं नाहीये. पावसात जाणार असाल तर पेव्हर ब्लॉकवर लोखंडी नाल सटकते, लाल मातीत पाय जास्त धरतो, तर पेव्हर ब्लॉक असतील तिथे मुलीला उतरवून चालवा. आणि मुलगी बसल्यावर रडायला लागली तर जबरदस्ती करू नका, दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनवरून शटल ट्रेन आहेच, घोड्याला नंतर मालकाला विचारून तळहात सपाट धरून गाजर द्यायला सांगा, बोटं दुमडायची नाहीत.